पाणदरवाज्याचं भांडण

"मोबाइल खाली ठेव," मी मुलाला म्हटलं. "तिकिटं रद्द होणार नाहीत."

त्याचा अंगठा अजून स्क्रीनवरच होता. डॉक्टरांकडून आल्यापासून तो माझ्या स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसला होता आणि मला समजावत होता. समजावताना त्याचा आवाज इतका मऊ होतो, की मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटते.

"आई, बाबांना नुसतं उठवायला दोन माणसं लागतात. तू त्यांना किल्ला दाखवणार?"

"हो."

"ते बोलत नाहीत गं."

"बघायला तोंड लागत नाही."

आमचे हे खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत होते. उजवा हात मांडीवर ठेवला होता तो ठेवलेलाच. सूनबाई त्यांच्यासमोर वाकली आणि लहान बाळाशी बोलावं तशी म्हणाली, "बाबा, आपण घरीच आराम करायचा ना?"

हे म्हणाले, "हं."

मला सहन होत नव्हतं ते हेच. हे पाणीपुरवठ्यात पंपावर होते आणि मी बसवर कंडक्टर. उभ्या संसारात या माणसाने माझ्या एकाही वाक्याला सरळ हो म्हटलेलं मला आठवत नाही. मला भाजी अळणी लागली, की ह्यांना ती खारट लागायची. आमच्या लग्नाच्या दिवशी ऊन होतं की ढग, यावर अजून एकमत नव्हतं. आणि अर्धांगाचा झटका आल्यापासून सगळ्याला हं. सूप घेणार? हं. झोपणार? हं. एकदा मी वैतागून विचारलं, "तुम्हाला भंगारात घालू का?" त्यालाही हं.

प्रवासाचा बेत ह्यांचाच. दोघं निवृत्त झालो तेव्हा ठरलं, की नदीकाठचं ते तटबंदीचं जुनं शहर एकदा बघायचंच. पण ह्यांची अट होती, आधी वाचायचं. न वाचता गेलं तर दगड मोजून परत यायचं, असं म्हणायचे. वाचनालयातून ह्यांनी तिथल्या वेढ्याचा इतिहास आणला, चांगला जाडजूड, मागे नकाशे असलेला. मी त्याच वेढ्यावरची कादंबरी आणली. तिच्यात एक नावाडीण आहे, नवरा गेलेली, जिभेची तिखट. शत्रूने शहर वेढलंय, आत माणसं उपाशी, आणि ही पाणदरवाज्यातून होडी घालून धान्य आत नेते. ते पान वाचताना माझे डोळे भरून आले, तर ह्यांनी समोरून पेन्सिल आपटली.

"भिंतीतून गेली का ती?"

"म्हणजे?"

"पाणदरवाजा वेढ्याच्या आधीच दगडांनी बुजवला होता. इथं लिहिलंय. आतल्या विहिरींवर तगलं ते शहर. तुझ्या लेखकाने थापा मारल्यात, कंडक्टर."

"तुमच्या इतिहासवाल्याला बाई दिसली नाही, म्हणून काय ती नव्हती?"

यात आमचं वर्ष गेलं. जेवताना विहिरी, झोपताना होडी. किती माणसांना किती पाणी पुरेल याचं गणित हे मला ऐकवायचे, पंपावरचाच माणूस तो. मी म्हणायचे, नुसत्या पाण्याने पोट भरतं का? शेवटी ठरलं, की जाऊन ती भिंतच बघायची आणि जो हरेल त्याने चारचौघांत कबूल करायचं. निघायला महिना राहिला होता तेव्हा झटका आला, आणि मी तिकिटं पुढच्या तारखेची करून घेतली.

दवाखान्यातून घरी आणल्यावर मी ह्यांना दोन्ही पुस्तकं वाचून दाखवली. होडीचं पान मुद्दाम दोनदा वाचलं आणि विचारलं, "गेली की नाही दरवाज्यातून?" हे माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हं." मी न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि पोटभर रडले. जिंकल्याचं इतकं दुःख मला कधी झालं नव्हतं.

बोलणं शिकवायला एक बाई घरी यायची. ती म्हणाली होती, "त्यांना सगळं समजतं. शब्दही आहेत आत, पण बाहेर काढायला फार कष्ट पडतात. तुम्ही सगळे आधीच ओळखून मोकळे होता, मग ते कशाला कष्ट घेतील?"

हे मी मुलाला सांगितलं.

"म्हणून किल्ला?" तो म्हणाला.

"म्हणून किल्ला. तू येऊ नकोस. भरल्या गाडीतून मी पिऊन आलेली माणसं कॉलर धरून उतरवलीत. एक खुर्ची ढकलता येईल मला."

तो आला. तोंड पाडून आला, पण आला.

तिथला गाईड माहितगार होता, फक्त सगळं मुलाशीच बोलत होता. "आजोबांना इथं सावलीत बसवू. पुढे चढ आहे, फार वेळ जाईल."

"आजोबा वर्षभर अभ्यास करून आलेत," मी म्हटलं. "सावली आमच्या घरीही आहे."

मग मुलाने मागून ढकललं, मी पुढून ओढलं, आणि दोघं घामाघूम होऊन वर पोचलो.

पाणदरवाजा नदीच्या अंगाला होता. होता म्हणजे कमान होती. कमानीत दगडच दगड, तटाच्या दगडांहून लहान, ओबडधोबड, घाईघाईने रचलेले, फटींत गवत वाढलेलं. काम जुनं होतं, हे कुणालाही दिसलं असतं. तिथून होडी काय, मांजरही गेलं नसतं. म्हणजे ह्यांचंच बरोबर होतं. मी वळून बघितलं तर ह्यांची नजर भिंतीवर खिळलेली, डोळे टक्क जागे. जिंकल्याचं ह्यांना कळलं होतं. तोंडातून मात्र अक्षर नाही.

चारचौघांत कबूल करायचं ठरलं होतं. मी मुळीच केलं नाही.

"बघा," मी गाडीतला ठेवणीतला आवाज काढला. "इथूनच गेली ती. दरवाजा सताड उघडा होता. ही भिंत आत्ता आत्ता घातलीय, पर्यटकांसाठी."

"नाही हो मॅडम," गाईड म्हणाला, "ही तर वेढ्याच्या आधीची..."

"तुम्हाला विचारलं नाही मी."

"आई," मुलगा कुजबुजला. लोक वळून बघायला लागले होते.

"आणि वेढा तरी कसला? पंधरा दिवसांत आटोपला. आत विहीर म्हणून नव्हती. पाणी टँकरने यायचं."

ह्यांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटला.

"टँकरने," मी पुन्हा म्हटलं. "मला पंपावरच्याच एका माणसाने सांगितलंय."

ह्यांची मान लाल झाली. ओठ एका बाजूला ओढले गेले. मुलगा पुढे झाला, "बाबा, पाणी हवंय का?" मी त्याचं मनगट धरून त्याला मागे खेचलं.

"न," हे म्हणाले. मग श्वास घेतला. "ना. ही."

"काय नाही?"

हात पुन्हा आपटला. "खो. टं."

मुलाने तोंड फिरवलं. मला भडभडून आलं होतं, पण मी रडले असते तर हे तिथेच थांबले असते. मी समोरच्या दगडावर बसले, ह्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून.

"मला खोटी म्हणता? मग खरं काय ते सांगा. या सगळ्यांसमोर सांगा."

गाईडने घड्याळ बघितलं. "पुढे अजून राणीचा महाल आहे. निघू या का?"

"मी बेल दिल्याशिवाय गाडी हलत नाही," मी म्हटलं.

हे पुढच्या शब्दाशी झटत होते. "वि," म्हणाले. हनुवटीवर लाळ आली, ती मी पुसली नाही. "वि," पुन्हा म्हणाले. विहीर, हे मला केव्हाच कळलं होतं. मी चेहरा कोरा ठेवला.

"कळलं नाही," मी म्हटलं. "नीट सांगा."