सहा चाकांना एक स्टेपनी

जीपची चार चाकं आणि मागं जोडलेल्या धान मळायच्या मशीनची दोन. सहांना मिळून स्टेपनी एक. सकाळी साडेसहाला रिंकीला कडेवर घेऊन मी त्या स्टेपनीसमोर उभी होते आणि बोट लावून पाहायचा धीर होत नव्हता.

मऊ निघाली तर थांबावं लागणार होतं, आणि थांबायला वेळ नव्हता. सालेकशाच्या पुढं, जंगलाला लागून, माझ्या बाबांच्या तीन बांध्या, बांध घातलेली धानाची शेतं. धान कापून चार दिवस झाले, कापलेल्या मुठींच्या कडपा तशाच शेतात आडव्या पडलेल्या. तिकडचं मशीन ऐन वेळी बिघडलं म्हणून बाबांनी जावयाला फोन केला होता. जावई हो म्हणाले, आणि त्याच संध्याकाळी आभाळ भरून आलं. नोव्हेंबरातलं आभाळ. कापलेल्या धानावर पाऊस पडला की लोंबीतच अंकुर फुटतात. आई गेल्यापासून बाबा एकटेच सगळं पाहतात.

रिंकी माझ्या गळ्यातली पोत तोंडात घालून चावत होती. आठ महिन्यांची झाली, पण आजोबांचं घर तिनं अजून पाहिलं नव्हतं.

मी शेवटी अंगठा दाबला. टायर आत गेलं.

"अहो," मी हाक मारली, "स्टेपनीत हवा नाही."

खुमेंद्र जीपचा हूक आवळत होते. मान वर न करता म्हणाले, "काल सांजेला पाना मारून पाह्यलो ना मी. ठण्ण वाजली. तुले कायले पंचायत?"

"आज वाजवून पाहा."

"चाल, बस गाडीत. तुयाच बापाचा धान पडून हाय अन् तूच खोळंबा करून राह्यली."

तेच तर. माझ्याच बापाचा.

बाबा तरुणपणी तेंदूपत्त्याच्या ट्रकवर होते. आधी क्लीनर, मग ड्रायव्हर. गाडी काढण्याआधी ते इंजिनाकडं नंतर जायचे, स्टेपनीकडं आधी. मला लहानपणी त्याचं हसू यायचं. एकदा दरेकशाच्या पुढं टायर फुटलं, काढून पाहिली तर स्टेपनी बसलेली. दोन दिवस ते गाडीखाली झोपले. तेव्हा आई मला मांडीवर घेऊन दारात बसायची, असं ती सांगायची. आता माझ्या मांडीवर रिंकीला घेऊन मी त्याच रस्त्यानं निघणार होते, मागं दहा-बारा क्विंटलचं मशीन ओढत.

मी पाना उचलला आणि मारला. थप्प. उशीवर मारावं तसं.

खुमेंद्र उठून आले. त्यांनी एकदा मारला, दुसऱ्यांदा जरा जोरात मारला. त्यानं आवाज काही बदलला नाही.

"रात्रीतून कुठं गेली हवा?"

मी वाकून पाहिलं. व्हॉल्व्हला टोपण नव्हतं आणि तोंडाशी हिरवं शेवाळ वाळून चिकटलं होतं. रिमच्या कडेला चिखल होता, आणि तो रस्त्याचा नव्हता. काळा, गुळगुळीत, तळ्यातला.

दारात माझे दीर धनेंद्र चहाचा कप घेऊन उभे होते. एकदम कपात काहीतरी सापडल्यासारखे ते आतच पाहायला लागले.

"बाबू," मी म्हटलं, "हे काय?"

"काय भाभी?"

"हे शेवाळ."

"शेवाळ..." त्यांनी एक घोट घेतला. "रोशनच्या ट्यूबले भोक पडलं होतं. एका दिवसासाठी आपली मांगली त्यानं. मी म्हटलो, ने."

रोशन धनेंद्रचा मित्र, तळ्यात शिंगाडे काढतो. ट्यूब फुगवून त्यावर पोटानं पालथं पडायचं आणि हातानं पाणी मागं सारत वेलींमधून हिंडायचं, अशी इकडची रीत. ट्यूबला शिंगाड्याचे काटे टोचतातच. म्हणून कोणी आपली चांगली ट्यूब देत नाही. आमच्या घरानं दिली होती.

खुमेंद्र ओरडले, "स्टेपनीची ट्यूब काढून देल्लास तू? गाडीची?"

"वापस बसवून देल्लो ना! काल दुपारी हवा बी भरलो, सायकलच्या पंपानं. दोनशे हात मारलो, खांदे भरून आले."

"दोनशे हात!"

"मोजलो मी."

सासूबाई आतून म्हणाल्या, "मंगळवारी टोपलीभर शिंगाडे आले तवा कोणी नाही इचारलं कुठून आले म्हणून. सारे खाल्ले उकडून. खुमेंद्र, तूच तं सगळ्यात जास्त खाल्ला."

खरं होतं. मीही खाल्ले होते, मीठ लावून, रिंकीला पाजता पाजता.

खुमेंद्रनी आभाळाकडं पाहिलं. "जाऊ तसंच. रोज काही टायर फुटत नाही."

जायचं मलाच सगळ्यांत जास्त होतं. रात्रभर मनातल्या मनात मी त्या कडपा उचलत होते. पण रिंकीनं मूठ उघडून पुन्हा माझी पोत धरली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आधी पंक्चर काढू. नाहीतर मी येत नाही. हिलाही नेत नाही."

"मंग धान भिजला तं मले बोलजो नको."

"नाही बोलणार."

ईश्वरदासचं पंक्चरचं दुकान नऊला उघडतं. पावणेसातपासून नऊपर्यंत मी अंगणात किती चकरा मारल्या कोणास ठाऊक. रिंकी झोपली, उठली, प्याली, पुन्हा किरकिरली. पूर्वेकडचं आभाळ काळसर निळं होत चाललं होतं, आणि बाबांचं शेत त्याच बाजूला. साडेसातला त्यांचा फोन आला.

"निंगाले का माय?"

"निघतोच आहोत बाबा," मी म्हटलं.

खोटं. त्यांच्याशी मी तोवर खोटं बोलले नव्हते.

ईश्वरदासनं टायर उघडलं तेव्हा आतून चिखलाबरोबर शिंगाड्याच्या वेलीचं एक पान निघालं. तो धनेंद्रकडं पाहून म्हणाला, "भैया, ये टायर है कि तालाब?" ट्यूब टबात धरल्यावर एका जागी बारीक बुडबुडे आले. काटा आतच मोडला होता. त्यानं चिमट्यानं तो काढून माझ्या तळहातावर ठेवला. तांदळाच्या कणीएवढा. त्यानं जोड लावला, हवा भरली, गेजचा काटा पस्तीसवर आणून ठेवला. मी पाच मिनिटं थांबून पुन्हा गेज लावायला सांगितलं. पस्तीस.

खुमेंद्रनी चाक उचलून गाडीत टाकलं.

साडेनऊला निघालो. मशीन मागं असल्यानं वेग कमी. आमगाव ओलांडलं तशी काचेवर पहिली सर आली. खुमेंद्रनी वायपर लावला, आणि त्या आवाजानं रिंकी खुदकन हसली. मला रडू आलं. ते मी तिच्या टोपड्यात लपवलं. सालेकशापर्यंत पाऊस थांबला होता, पण रस्ता पार ओला होता. पुढच्या जंगलातून जाताना मी प्रत्येक खड्ड्याला मागं वळून चाकं पाहत होते. एकही फुटलं नाही. सहाच्या सहा नीट फिरत होती.

"पाह्यली? एकबी नाही फुटलं," खुमेंद्र म्हणाले. एवढंच.

बाबा बांधावर होते, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले. शेजारच्या दोघांना घेऊन त्यांनी दोन बांध्यांचा धान उचलून खळ्यावर आणला होता, वर ताडपत्री टाकली होती. तिसरी बांधी राहून गेली. तिथल्या कडपा जमिनीला चिकटून काळपट दिसत होत्या.

ते का उशीर म्हणून विचारतील याची मी वाट पाहिली. त्यांनी विचारलं नाही. हात टॉवेलला पुसले आणि रिंकीला घेतलं.

"हिचं नाक तं माह्यंच हाय," ते म्हणाले.

"बाबा, माझ्यामुळं भिजला धान. तुमचा फोन आला तेव्हा आम्ही निघालोच नव्हतो. स्टेपनी बसली होती, मी थांबवलं."

ते माझ्याकडं पाहत राहिले. मग जीपकडं, मग रिंकीकडं. रिंकीनं त्यांच्या मिशीला हात घातला होता.

"एक बांधी गेली," ते म्हणाले. त्यांनी ते हलकं करून सांगितलं नाही. "आता उलटून ठेवली तं अर्धी हाती येईल. उद्यापर्यंत पडून राह्यली तं नाही." मग खुमेंद्रकडं वळून, "जावईबापू, सुक्कं हाय तेवढं मशीनवर घ्या. मी हिले धरतो."

खुमेंद्रनी मशीन सुरू केलं. शेजारचे दोघे भारे द्यायला लागले. मी पदर खोचला आणि तिसऱ्या बांधीत उतरले. कडप उलटावी तर खालून पाणी निथळायचं, बोटं गार पडायची. एक ओळ झाली. दुसरी निम्मी झाली तेव्हा समोरच्या बांधावरून कोणीतरी उतरल्यासारखं वाटलं. खुमेंद्र होते, पँट दुमडलेली. मशीन शेजाऱ्याच्या हाती दिलं होतं.

"तू तिकडून ये," ते म्हणाले, "मी इकडून येतो."

मी किती ओळी उरल्यात ते पाहिलं नाही. पुढची कडप उलटली.