मालुबाईची गाय

नागोजी वारून बारा दिवस झाले होते. आदल्या दिवशी गुंजी गावच्या देवळात केशवबुवांचं कीर्तन झालं. यमपुरीच्या वाटेवरची वैतरणी नदी त्यांनी अशी रंगवून गायली, की पुढं बसलेल्या बायांनी पाय आखडून घेतले. गाय दान दिली की जीव तिचं शेपूट धरून पार होतो, हेही गायलं. आवाज छान लागला होता. बुवा स्वतःवरच खूश होते.

सकाळी ते स्टेशनवर गाडीची वाट बघत बसले होते, तर नागोजीची बायको मालुबाई फलाटावरनं येताना दिसली. हातात दावं, दाव्याला तांबडी गाय.

"मालुआक्का, जनावराचं तिकीट काढलंस काय?" हमाल भरमू ओरडला.

"तू गप रं!" तिनं दावं बुवांच्या मांडीवर ठेवलं. "घ्या बुवा. आमच्या ह्यास्नी पाण्याचं लई भ्या. मलप्रभेला घोटाभर पाणी असलं तरी वळसा घालून पुलावरनं जायाचं. शेपूट न्हाय मिळालं तर काठावरच बसून ऱ्हातील."

"आणि नातवाला काय पाजशील?" भरमू जवळ आला. "बुवा, हिच्या सुनंला दूध न्हाय. महिन्याचं बाळ ह्या गाईवरच हाय."

दावं मांडीवर जड झालं. नदी खोटी म्हणावी तर नागोजी काठावर. खरी म्हणावी तर बाळ उपाशी. बुवांनी मालुबाईकडं वळून पाहिलं.

"आक्का, नदी मी गायली, पाहिलेली नाही."

"म्हंजे खोटीच?"

"खोटी कशी? बारा दिवस तू कुठं उभी आहेस?"

मालुबाई हळूच म्हणाली, "गळ्यापातूर आलंय पाणी."

"तीच ती. आणि तुला वर कोण ओढतंय?"

"प्वार रडलं की उठावं लागतंय. धार काढावी लागती."

"मग शेपूट तुझ्या हातात आहे. सोडू नकोस."

"माझं ऱ्हाऊ द्या. ह्यांचं काय?"

बुवांचे डोळे भरून आले. "दावं माझ्या हातात दिलंस म्हणजे दान होत नाही, आक्का. नागोजीच्या गाईचं दूध त्या बाळाच्या तोंडात पडतंय, तेच दान. रोज दोन वेळा होतंय. तो काठावर बसेल कशाला?"

तिनं दावं उचललं. गाडीची शिट्टी ऐकून गाय बुजली, तिला थोपटत ती निघाली. चार पावलांवर थांबली.

"बुवा, पलीकडं पाय पुसायला पंचा मिळाला असंल न्हवं? वल्या पायांनी ह्यास्नी पडसं व्हतंय."

"मिळाला असेल," बुवा म्हणाले. "देवानं खांद्यावरचा काढून दिला असेल."