काकांची मोटारसायकल बोलायला लागते

काकूंच्या दारात त्या संध्याकाळी एवढी गर्दी झाली, की समोरच्या बेकरीवाल्याला आपलंच दुकान दिसेना. पुढं बायका जमिनीवर बसल्या होत्या. मागं पुरुष चपला हातात घेऊन उभे होते, कारण मौनीबाबांनी त्या काढायला लावल्या होत्या आणि गल्लीतल्या लोकांचा बाबांवर विश्वास असला तरी एकमेकांवर नव्हता. सगळ्यांचे डोळे एका जुन्या मोटारसायकलवर. टाकीवर फुलं, सीटवर कोरी चादर आणि हँडलवर दोन गोल काळे स्पीकर.

मौनीबाबांनी हात वर केला. हे बाबा नावाचेच मौनी. गालगुंड झालं होतं तेव्हा दोन दिवस गप्प होते म्हणतात, तेवढंच. गर्दी शांत झाली. स्पीकरमधून आधी ‘टुडुंग’ असा बारीक आवाज आला आणि मग एक घोगरा, ओळखीचा पुरुषी आवाज म्हणाला, “आत पाणी जाईल. सांभाळा.”

बायकांनी पदर तोंडाला लावले. आवाज काकांचा होता, शंकाच नको. आणि काकांना जाऊन वर्ष होत आलं होतं.

बाबांनी डोळे मिटून अर्थ सांगितला: पूर येणार, काका वरून बघतायत. झालं. त्या आठवड्यात गल्लीतला प्रत्येक पिठाचा डबा माळ्यावर चढला आणि शिंपीणबाईंनी शिलाई मशीन पलंगावर ठेवून स्वतः खाली अंथरूण टाकलं. पूर काही आला नाही. उलट नळाचं पाणी गेलं. बाबा म्हणाले, काकांनी जरा जास्तच अडवलं.

ही मोटारसायकल काकांनी लग्नानंतर पहिल्या वर्षात घेतली होती. मागच्या सीटवर बसून काकूंनी उभा संसार केला म्हणायला हरकत नाही. भाजी आणली, दवाखाने केले, लेकीला टाकीवर बसवून शाळेत सोडलं, आणि वाटेतली सगळी भांडणं काकांच्या पाठीला उद्देशून केली. काकांना त्याचं सुख एवढंच, की वाऱ्यात त्यातली निम्मी ऐकू येत नसत.

नोकरीतून सुटल्यावर काकांना एकच वेड लागलं. गाडीवर स्पीकर हवे, जुनी गाणी ऐकत फिरायचं. पण निवडायला बसले की माणूस हलेना. हँडलवर लावावे की पुढच्या गार्डवर? पावसाचं काय? सीटखाली आवाज वाढवायची पेटी बसेल का? बॅटरी किती ओढेल? बोटं जाड, फोनवर अक्षरं उमटायची नाहीत, म्हणून फोन तोंडाशी धरून स्पीकरच्या दुकानदाराला नदीपलीकडच्या माणसाला हाक मारावी तशा सूचना देत. काकू म्हणत, “अहो, मला बघायला आलात तेव्हा चहा संपायच्या आत हो म्हणालात, आणि या भोंग्यांना वर्ष?” काका म्हणत, “तेव्हा घाई झाली होती.”

निवड व्हायच्या आतच काका गेले.

लेकीनं मग वडिलांची हौस पुरी केली. ती जनावरांची डॉक्टर. बस जात नाही अशा गोठ्यांवर ती याच मोटारसायकलनं जायची. त्याच दुकानदाराकडून तिनं पाणी न शिरणारे स्पीकर घेतले. त्यानं सीटखाली पेटी बसवली, वायर गरम सायलेन्सरपासून लांबून नेली, बॅटरीजवळ फ्यूज घातला, आणि स्वतःच्या फोनवरून एक गाणं वाजवून दाखवलं. काकूंना त्या दिवशी फार रडू आलं. आठच दिवसांत मोटारसायकल बोलायला लागली.

बाबा लगेच हजर झाले. स्पीकरचा निळा दिवा ही आत्म्याची ज्योत, ती रोज संध्याकाळी लावायची. गाडी कुणी चालवायची नाही, काकांना धक्के बसतात. तेव्हापासून लेक दोन बस बदलून आणि पुढं पायपीट करून गोठे गाठू लागली. घरी येईपर्यंत गर्दी पांगलेली असे आणि मायलेकींचं भांडण व्हायचं तेवढं उरलेलं असे. आणि मग काका बोलले, “मागच्या बाजूला घ्या.” बाबांच्या आश्रमाच्या मागच्या बाजूला एक रिकामी शेड होती. गाडी तिथं न्यायची असं ठरलं. येत्या शुक्रवारी.

काकू नाही म्हणाल्या नाहीत. माणूस गेल्यावर त्याचा आवाज रोज दाराशी येत असेल, तर त्यापायी एक मोटारसायकल काय, घराचे दरवाजेही कुणी काढून देईल. पण मनात एक खडा टोचत होता. इतक्या वर्षांचा संसार, आणि माणूस परत येऊन म्हणतो काय, तर “घाई करू नका” आणि “आधीचं काढून टाका.” काकूंच्या गुडघ्यांची चौकशी नाही, लेकीचं नाव नाही. एका संध्याकाळी त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, “अहो, लोखंडी कपाटाची किल्ली कुठं ठेवलीत तेवढं सांगा.”

टुडुंग. “काळा चालेल,” काका म्हणाले.

बाबांनी खुलासा केला, किल्ली अंधारात आहे. हरवलेली किल्ली उजेडात नसते हे काकूंनाही ठाऊक होतं.

त्या दिवशी गर्दी गेल्यावर काकू निळा दिवा बंद करायला विसरल्या. लेक थकून आली, मोटारसायकलजवळून आत शिरली आणि बाहेर वाजलं, टुडुंग.

“हे काय वाजलं गं?” काकूंनी विचारलं.

“माझा फोन स्पीकरला जोडला गेला. ओळखीचा फोन जवळ आला की तो आपोआप जोडून घेतो.”

“आणि तुझे पप्पा बोलायच्या आधी वाजतं ते?”

लेकीनं हातातला पेला खाली ठेवला. दुकानात पहिलं गाणं दुकानदाराच्या फोनवरून वाजलं होतं हे तिला आठवलं. स्पीकर तो फोन विसरला नव्हता. बेकरीच्या कोपऱ्यावर उभं राहूनही त्याला बोलतं करता येईल, असं तिनं समजावून सांगितलं. आवाज पप्पांचाच, त्यांनी वर्षभर दुकानदाराला बोलून, रेकॉर्ड करून पाठवलेल्या सूचनांमधला. आणि दुकानदार बाबांचा सख्खा भाचा, हे तर गल्लीला माहीतच होतं. आता लोक आत्मा येईल असेच स्पीकर मागायला त्याच्या दुकानात जात होते.

काकूंनी बाहेर जाऊन निळा दिवा बंद केला.

“म्हणजे ते नाहीत,” परत येऊन म्हणाल्या.

“नाहीत गं, आई.”

काकूंनी डोळे पुसले. मग पदर खोचला. जे काकूंना ओळखत होते त्यांना या पदर खोचण्याचा अर्थ ठाऊक होता. काका असते तर हळूच बाहेर सटकले असते.

दुसऱ्या दिवशी बाबा गाडी बघायला आले. काकूंनी चहा दिला, मांडीवर रुमाल टाकला आणि रुमालाखाली लेकीचा फोन ठेवला. बाबांनी टायरला लाथ घातली, ब्रेक दाबून पाहिला, आणि आत्म्याबित्म्याचा सूर सोडून चारचौघांसारखं गाडीबद्दल विचारलं.

शुक्रवारी गर्दी नेहमीपेक्षा दुप्पट. लेक त्या दिवशी कामावर गेलीच नव्हती. निळा दिवा लागताच तिनं आपला फोन आधी जोडला. त्या स्पीकरला एका वेळी एकच फोन जोडता येई.

बाबांनी हात वर केला. शांतता. पुन्हा केला. काही नाही. कोपऱ्यावर दुकानदार खिशाजवळ फोन धरून अंगठ्यानं दाबत सुटला होता. बाबा म्हणाले, “काका रुसलेत. निरोप घेणं जड जातंय.” आणि ओठ मिटून, डोळे मिटून ध्यानाला बसले.

तेव्हा मोटारसायकल बोलली. मौनीबाबांच्या आवाजात.

“ॲव्हरेज किती देते हो ही? टायर बदलायला झालेत. आणि कागदपत्रं माझ्या नावावर करून द्या, आत्म्याच्या नावावर विमा मिळत नाही.”

बाबांचं तोंड घट्ट मिटलेलं. आधी शिंपीणबाई हसल्या. पलंग सोडून जमिनीवर झोपलेल्या माणसाचं हसू होतं ते, त्यात राग बराच होता. मग सगळी गल्ली हसली. बाबांनी डोळे उघडले आणि प्रथमच नावाला जागले.

“बाबा जिवंत आहेत, तरी त्यांचा आत्मा गाडीत शिरला,” काकू म्हणाल्या. “कसा शिरला ते बघा.” लेकीनं हातातला फोन सगळ्यांना दाखवला आणि जोडणी तोडली. कोपऱ्यावरचा अंगठा अजून दाबतच होता.

टुडुंग. “घाई करू नका,” काका म्हणाले.

सगळ्या माना एकदम वळल्या. बेकरीवाल्यानं दुकानदाराचा दंड धरला. फोन अजून त्याच्या हातातच होता. मार पडला असता, पण काकूंनी पडू दिला नाही. त्यांना दुसरंच हवं होतं.

“त्यांचं बोलणं तोडून वाजवत होतास ना? ते मागच्या बाजूचं सबंध वाजव.”

दुकानदारानं मान खाली घालून वाजवलं.

“हे बघा, एका स्पीकरचं तोंड मागच्या बाजूला घ्या. मागं बायको बसते. भांडत असते, पण गाणं लागलं की गप्प बसते. तिला नीट ऐकू गेलं पाहिजे.”

काकूंनी मोटारसायकलवरची चादर ओढून काढली आणि तिची घडी घातली.

“ऐकलंत? मेलेलं माणूस बोलत नाही. बोलतंय असं वाटलं, तर आधी आजूबाजूला फोन कुणाच्या हातात आहे ते बघायचं. आणि कुणी अर्धं वाक्य ऐकवून घरातली वस्तू मागितली, तर उरलेलं अर्धं विचारायचं. मी विचारलं नाही. माझी मोटारसायकल जाणार होती, आणि हे वाक्यही.”

मग त्या दुकानदाराकडे वळल्या. “पाना आण. तोंड मागं फिरव. त्यांनी सांगितलेलं कधी धड केलं नाहीस, आता कर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक मोटारसायकलवरून गोठ्यांवर निघाली. काकू मागं बसल्या होत्या, आणि कोपऱ्यापर्यंत तरी भांडत नव्हत्या.