सगळं एकदम ढकलणारी ओळ

मित्रांनो, मी एक जुनी ओळ आहे. अम्मानमध्ये, लुवैबदेच्या चढावर अबू कैसचं छोटं ऑफिस आहे. त्याच्या लॅपटॉपमधल्या सेटिंगच्या फाइलीत माझी जागा. जीव केवढासा माझा, पण जे केलं ते सांगताना मान वर होत नाही.

संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारी माणसं आपापलं काम वेगळ्या शाखेवर, म्हणजे स्वतंत्र प्रतीत, ठेवतात आणि घरी जाताना सगळ्यांच्या सामाईक सर्व्हरवर ढकलतात. कोणती शाखा ढकलायची हे सांगितलंच नाही, तर ते मी ठरवायचे. लॅपटॉपवर आणि सर्व्हरवर, दोन्हीकडे ज्या नावाची शाखा असेल, ती प्रत्येक ढकला, असा माझा नियम. अबू कैस एकटा होता तेव्हा त्याला याचं भारी कौतुक. "एका हुकमात सगळं आवरलं!" म्हणायचा. मीही फुशारून जायचे.

मग माणसं वाढली. ढकलणाऱ्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली, तिने भलीमोठी सूचना दिली: हातातली एकच शाखा ढकलणं बरं, काय ते निवडा. ऑफिसातला तरुण घस्सान म्हणाला, "अबू कैस, आता आपण चौघं आहोत. बदला की!"

"जा रे! तू शाळेत होतास तेव्हापासून हे चाललंय."

त्याने मला ठेवलं. मला किती आनंद झाला होता, शी!

रमजानात सुहैर नावाची मुलगी तीन महिन्यांच्या बोलीवर कामाला होती. शाळेची बस कुठवर आली ते आईबापांना कळवणारा भाग ती लिहीत होती. सुरुवातीला अबू कैसने तिची शाखा तपासायला आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतली होती. ती तीन आठवडे तशीच शिळी पडून होती. त्यातच सुहैरचा लॅपटॉप बिघडला. "असू दे," ती म्हणाली, "सर्व्हरवर सगळं आहे."

त्याच दिवशी दुपारी अबू कैस उपाशीपोटी घाईत होता. बायकोचा फोन आला, "कतायफची मिठाई आणायला विसरू नका, रांग लागते!" त्याने हुकूम दिला. सर्व्हर अडला: तुमच्याकडचं जुनं आहे. न वाचताच त्याने जबरदस्तीचा शब्द जोडला. मी नेहमीसारख्या सगळ्या शाखा ढकलल्या, शिळीसुद्धा; ती सर्व्हरवरच्या ताज्या कामाच्या जागी जाऊन बसली. सुहैरचे तीन आठवडे गेले.

सकाळी तो सगळ्यांसमोर सुहैरवर ओरडला, "काम कुठंय?"

"उस्ताद, वल्लाही, मी रोज पाठवत होते."

"मग काय मांजरानं खाल्लं? निदान रोजा ठेवून खोटं बोलू नकोस!"

तिने पिशवी उचलली आणि निघून गेली. सगळं मला ठाऊक होतं, पण मला वाचा कुठली!

पाच दिवसांनी घस्सानने सर्व्हरवरची नोंद काढली. "अबू कैस, ढकलणारं नाव तुमचं आहे." उरलेसुरले तुकडे शोधून त्याने सारं काम परत मिळवलं. अबू कैसने सेटिंगची फाइल उघडली आणि मला वाचलं.

इफ्तार झाल्यावर तो चार वडीलधारी माणसं आणि ऑफिसमधले सगळे घेऊन सुहैरच्या घरी गेला. माफी मागायला असं जायचा तिकडे रिवाजच आहे. कॉफी आली, त्याने पेला तसाच खाली ठेवला. मागणं मान्य झाल्याशिवाय पिणार नव्हता. लॅपटॉप उघडून त्याने सगळ्यांना मला दाखवलं. त्या वेळी धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

"पोरी, खोटं तू बोलली नाहीस. चूक माझी. मला माफ कर आणि कामावर परत ये."

सुहैरच्या वडिलांनी तिच्याकडे पाहिलं. तिने मला दोनदा वाचलं.

"माफ केलं, उस्ताद. कॉफी घ्या," ती म्हणाली. "पण कामावर मी येणार नाही. तुम्ही मला आधी विचारलंच नाहीत."

अबू कैस कॉफी प्यायला.

आता संगणकाने मला वाचू नये म्हणून माझ्यापुढे खूण मारून माझं तोंड बंद केलंय. खाली एकच शाखा ढकलणारी नवी ओळ आहे. हिला पुसून टाका, असं घस्सान म्हणतो. अबू कैस ऐकत नाही, रोज मला वाचून मगच कामाला लागतो. मित्रांनो, आपोआप होणारं काम कुणाकुणावर जाऊन पडतं, ते एकदा बघत जा. आणि काही हरवलं, तर आधी त्या माणसाला नीट विचारा.