शुभेच्छा काढायला तीन तास

आमच्या ऑफिसचे सगळे कागद एकाच संगणकी कपाटात राहतात. अकरा लाख कागद, आणि प्रत्येकाला एक प्रकार: पत्र, तक्रार, अहवाल. त्यातला 'वाढदिवसाच्या शुभेच्छा' हा प्रकार काढून टाक, असं साहेबांनी सकाळी मला सांगितलं. म्हणे, तो वापरतो कोण?

मामा वापरतात. मामा म्हणजे आवक-जावकवाले. माझे कोणी नव्हेत, सगळ्या ऑफिसचे मामा. यादीत तो प्रकार पहिला येतो, खाली जायचे कष्ट वाचतात, म्हणून सहा वर्षं ते प्रत्येक तक्रार शुभेच्छांत लिहितात. 'नळ गळतो' ही शुभेच्छा. 'नळ अजून गळतो' हीसुद्धा.

मला सहाला स्टेशनवर पोचायचं होतं. तीन वर्षांनी ताई येत होती, दोन पोरं आणि सात बॅगा घेऊन. आणि काम संपल्याशिवाय हलायचं नाही, हा साहेबांचा हुकूम.

प्रकार काढायच्या दोन पद्धती. घाईची वीस मिनिटांची. सगळ्यांचं काम चालू राहतं, पण मध्येच कोणी नवी शुभेच्छा टाकली तर प्रकार जातो आणि कागद अनाथ उरतो; उघडतही नाही, मरतही नाही. दुसरीत कपाटाला कुलूप. तीन तास कोणी एक अक्षर लिहायचं नाही.

"वीस मिनिटांवाली कर," साहेब म्हणाले, "पण चूक नको."

जुन्या शुभेच्छा तक्रारींत हलवल्या, मामांना हात जोडले, घाईची पद्धत लावली. अठराव्या मिनिटाला मामांचा नवा कागद पडला: 'मला शुभेच्छा लिहायला मनाई करण्यात आली आहे.' तो अनाथ झाला, आणि शोधायचं पान त्याला अडखळून आडवं झालं. सगळं पूर्ववत करण्यात माझं जेवण गेलं.

"मामा, सांगितलं होतं ना?"

"अरे, तक्रार होती. कुठे लिहायची?"

"तक्रारीत."

"एवढ्या खाली कोण जाणार?"

साडेतीनला कुलूप लावलं. दोनशे माणसं रिकामी झाली आणि एकमेकांशी बोलू लागली; त्यातून दोन टेबलांवर भांडणं झाली. साहेब दर दहा मिनिटांनी "किती झालं?" विचारून जात. साडेपाचला मामा उठले. "लिहिता तर येत नाही. तुझ्या ताईला मीच आणतो."

सव्वासहाला ताईचा फोन. "इथे एक गृहस्थ स्वतःला मामा म्हणवतायत. आपल्याला असा मामा आहे?"

"नाही. पण ये त्यांच्याबरोबर."

"तू कुठेयस?"

"कुलूप लावून बसलोय."

"मग काढ आणि ये."

"आत्ता काढलं तर पहिल्यापासून. एक्क्याण्णव टक्के झालंय."

"तीन वर्षांनी आलेय मी, आणि तुला नऊ टक्के सोडवत नाहीत?"

"सोडले तर उद्याही हेच, ताई."

"तुझे मामा बॅग उचलत नाहीत. पाठ धरलीय म्हणे. मग आले कशाला?"

"लिहिता येत नव्हतं म्हणून."

फोन तसाच धरून ताईने पोरांना दटावलं, सातही बॅगा मोजल्या.

"आता किती?"

"ब्याण्णव."

"बसते बॅगेवर," ताई म्हणाली. "शंभर झाल्याशिवाय तोंड दाखवू नकोस."