पट्टेदादांची सुरकुती

‘सुरकुती दिसली की लगेच अंगावर धावून जाऊ नकोस. आधी ती कशानं पडली ते बघ.’

मित्रांनो, दुकानात आले त्या पहिल्याच दिवशी मला ही सूचना मिळाली होती. देणारी होती कोळशावर तापणारी एक म्हातारी इस्त्री. तिचं काम कधीच संपलं होतं. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून ती आता दाराला टेकून बसायची. मी मात्र नवी, चकचकीत, विजेवर चालणारी. मनात म्हटलं, आजी, सुरकुती ती सुरकुती. दिसली की दाबायची. त्यात बघायचं काय?

आज मीही एक जुनी इस्त्री आहे. मुठीला तडा गेलाय, वायरीला जागोजागी काळी चिकटपट्टी गुंडाळलीय आणि आजींचं ते बोलणं मला रोज आठवतं. का, ते सांगते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. कुणी माझा तळ घासून आरशासारखा केला, कुणी वायर जोडली, कुणी मूठ बसवली. शेवटच्या टेबलावरच्या बाईंनी मला तापवून एका फडक्यावर फिरवलं, समाधानानं मान डोलावली आणि खोक्यात निजवलं. तिथून मी आले चौकातल्या मावशींच्या दुकानात.

लहान असो की मोठं, प्रत्येक गिऱ्हाईक त्यांना मावशीच म्हणे. दुकानात एक लांबलचक टेबल, त्यावर घडी घालून पसरलेलं ब्लँकेट, वर पांढरी चादर आणि चादरीवर एक बदामी डाग. तो डाग माझाच, अगदी सुरुवातीचा. त्याबद्दल जास्त बोलायला नको. मावशी कुणाच्याही कपड्यावर नाव लिहीत नसत. त्यांनी प्रत्येक गिऱ्हाइकाचा एक रंग ठरवला होता आणि कॉलरच्या आत त्या रंगाच्या दोऱ्याची बारीक गाठ मारलेली असे. गाठ बघायची आणि कपडे द्यायचे. एवढ्या वर्षांत कधी चूक झाली नाही, असं मावशी अभिमानानं सांगायच्या.

मावशींच्या हाताखाली त्यांची सून. कॉलेज शिकलेली, कडेवर रांगती चिमी आणि डोक्यात सतत काळजी. दुकान बंद करून कोपऱ्यापर्यंत जायची आणि माझं बटण बंद केलं का, ते बघायला परत यायची. मावशी हसायच्या. मला मात्र बरं वाटायचं. आपल्यासाठी कुणीतरी मागे वळून येतंय, याचं सुख इस्त्रीलाही असतं.

आता माझं एक गुपित. धुतलेल्या कपड्यातही वास लपून राहतो आणि माझा चटका बसला की तो वर येतो. त्यामुळे वर्तमानपत्र न वाचताही मला जगाची खबर असे. नव्या नोकऱ्या निघाल्या की कोरे, खळ लावलेले शर्ट यायचे. मुलाखतीला जाणाऱ्या पोरांची कॉलर मावशी दोनदा करायच्या, आशीर्वाद द्यावा तशी. पगार वाढले की पलंगावरच्या चादरीसुद्धा इस्त्रीला यायच्या. दिवस ओढगस्तीचे आले की आधी चादरी बंद व्हायच्या, मग घरातले कपडे. ऑफिसचा शर्ट मात्र सगळ्यात शेवटपर्यंत यायचा. माणूस पोटाला चिमटा घेईल, पण कॉलर कडक ठेवील.

अशात निवडणूक आली. उमेदवार दोन, दोघंही आमचीच गिऱ्हाइकं. एक अंगानं भरलेले. ते जिकडे तिकडे सांगत, ‘नोकऱ्या वाढल्या, पगार वाढले!’ मावशी त्यांना वाढवाले साहेब म्हणायच्या. दुसरे काटकुळे. ते सांगत, ‘नोकऱ्या आटल्या, मंदी दारात उभी आहे!’ ते मंदीवाले साहेब. दोघांनी भर चौकात समोरासमोर वाद घालायचं ठरवलं आणि आमच्या दुकानात वादाला आधीच तोंड फुटलं.

बसचालक काका म्हणायचे, ‘पगार वाढला हो, पण घरी पोचेपर्यंत वितळतो.’

‘मग बर्फाच्या पेटीत घालून न्यायचा!’ मावशी.

सगळ्यात मोठा आवाज पट्टेदादांचा. कायम उभ्या पट्ट्यांचे शर्ट घालतात म्हणून ते पट्टेदादा. पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात मालाची तपासणी करायचे. ‘कुठली मंदी घेऊन बसलात, काका! आमच्याकडे श्वास घ्यायला फुरसत नाही. उलट माणसं कमी पडतायत!’ असं म्हणून ते एवढ्या जोरात हसायचे की चिमी दचकायची.

एके दुपारी त्यांची राखाडी पँट माझ्याखाली आली आणि मी अचानक थंड पडले. मी ते मुद्दाम केलं असं म्हणणार नाही, माझी वायर तशीही सैल होती. पण सून हातातलं काम थांबवून वायर हलवत उभी राहिली आणि तिची नजर पँटच्या मागच्या बाजूवर गेली. तिथे फिकट हिरव्या रंगाच्या आडव्या रेघा होत्या. तिनं चिमीचा फ्रॉक उचलून पँटशेजारी धरला. फ्रॉकलाही तोच हिरवा रंग लागलेला. बागेतल्या बाकांना दिलेला नवा रंग बसणाऱ्याच्या कपड्यांना लागतच होता ना!

‘आई, हे बघा. पट्टेदादा बागेत बसतात.’

‘बसेना का. सुट्टीच्या दिवशी बसला असेल.’

‘मग सगळ्या पँटना कशा रेघा?’

‘तुझं आपलं काहीतरीच. उद्या म्हणशील, इस्त्री बोलते.’

मित्रांनो, मला बोलता येत असतं तर त्या क्षणी बोलले असते! कारण मी तापले आणि त्यांच्या शर्टावरून फिरले, तेव्हा नेहमीचा डिंकाचा वास आलाच नाही. खोकी चिकटवायच्या डिंकाचा तो वास त्यांच्या बाह्यांत मुरलेला असे. आता नुसताच गवताचा वास. आणि आठवून पाहते तर डिंकाचा वास बरेच दिवस आला नव्हता. मी मात्र सुरकुती दिसली की दाबत गेले होते.

दुसऱ्या दिवशी सून चिमीला घेऊन भर दुपारी बागेत गेली. परत आली, चिमीला खाली ठेवलं आणि म्हणाली, ‘कोपऱ्यातल्या बाकावर होते. कडक शर्ट, मांडीवर डबा. मला बघून तोंड फिरवलं. घरीसुद्धा सांगितलेलं नाही वाटतं. आई, असा किती दिवस एकटा बसणार तो माणूस?’

मावशी हसल्या नाहीत. एकाच रुमालावरून मला पुन्हा पुन्हा फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘विचारायचं. पण तो खाली बघेल असं विचारायचं नाही.’

तशी संधी चालून आली, ती चिमीमुळे. वादाच्या दिवशी दोन्ही साहेबांचे पांढरे शर्ट गठ्ठ्यावर ठेवले होते. दोन्ही एकाच कापडाचे. चिमीला नुकतेच दात येत होते. तिनं दोन्ही कॉलरमधल्या गाठी उपसल्या आणि तोंडात घातल्या. सुनेनं किंचाळून तिच्या तोंडात बोट घालून दोरे काढले. चिमीनं भोकाड पसरलं. त्या गोंधळात मावशींनी घड्या मोडून न बघता शर्ट दोघांच्या माणसांना देऊन टाकले.

संध्याकाळी चौक माणसांनी फुलला. पट्टेदादा आमच्या पायरीवर येऊन उभे राहिले. आधी मंदीवाले साहेब उठले. त्यांच्या बाह्या बोटांच्याही खाली लोंबत होत्या. ‘मित्रहो, सगळं आटत चाललंय!’

गर्दीतून आवाज आला, ‘साहेब, तुम्हीच आटलात!’

मग वाढवाले उठले. शर्ट इतका घट्ट की हात वर होईना. ‘मी छातीठोकपणे सांगतो, पगार वाढले!’ असं म्हणून त्यांनी खरंच छाती ठोकली आणि वरचं बटण उडून माईकवर आपटलं. ठण्!

‘पगार वाढले की पोट?’

चौक हसून हसून वाकला. मावशींनी मात्र डोक्याला हात लावला. ‘एवढ्या वर्षांत पहिल्यांदा! अगं, मला आता एक तपासणारा माणूस हवाच. माझी नजर चालत नाही.’ आणि मग त्यांनी पट्टेदादांकडे अगदी सहज पाहिलं. ‘तुला मालाच्या तपासणीचं कळतं ना रे? तुमच्या कारखान्यातून सुटेल का कुणी?’

पट्टेदादांचं हसू ओठांवरच राहिलं. ते पायरीवर बसले. ‘कारखान्यानं आम्हाला केव्हाच घरी पाठवलंय, मावशी. दिवसभर मी घरी जात नाही, एवढंच.’

‘मग इथे ये. दुसरं काही मिळेपर्यंत.’ आणि मावशींनी पगार सांगितला.

‘एवढा? छे! निम्मा पुरे.’

‘निम्म्यात मी माणूस ठेवत नाही.’

‘मग मी येत नाही.’

‘येत कसा नाहीस? चल, वर दोन वेळचा चहा!’

‘पगार कमी करा म्हटलं तर चहा वाढवताय?’

समोर चौकात दोन साहेब पगारावरून भांडत होते आणि इथे पायरीवर हे दोघं. फरक इतकाच की इथे मालकीण वाढवत होती आणि नोकर कमी करत होता. शेवटी सुनेनं निकाल दिला. ‘पगार आई म्हणतील तोच. आणि माझी एक अट. आज घरी गेल्यावर वहिनींना सगळं सांगायचं.’

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी स्वतःच आल्या. डोळे रडून लाल झालेले, पण आवाज ठणठणीत. ‘मावशी, इथे यांना साधे शर्ट चालतील ना? ते पट्टे धुऊन धुऊन मी कंटाळले बाई!’

त्यानंतर दुकानात एकही कपडा चुकला नाही. पट्टेदादा गाठी इतक्या पक्क्या मारत की चिमीचे सगळे दात आले तरी एक सुटली नाही. पुढे त्यांना साबणाच्या कारखान्यात काम मिळालं. मग त्यांच्या बाह्यांना साबणाचा वास यायला लागला. निवडणूक कोण जिंकलं? खरं सांगते, लक्षात नाही. दोघांचेही शर्ट अजून आमच्याकडेच येतात.

आता दुकानात वाफेची नवी इस्त्री आली आहे. मी फळीवर असते. सून अधूनमधून माझ्यावरची धूळ पुसते, वायर सैल गुंडाळते. तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल तर तिची वायर ओढून काढू नका. काम झालं की बटण बंद करा आणि कोपऱ्यावरून परत यावंसं वाटलं तर खुशाल या. हसणारे हसू देत. नव्या इस्त्रीलाही मी आजींचंच बोलणं सांगितलंय. तिनं नुसती वाफ सोडली.

पण मित्रांनो, तुम्ही तरी ऐका. तुमच्या ओळखीतलं कुणीतरी हल्ली ‘माझं अगदी उत्तम चाललंय’ असं जरा जास्तच मोठ्यानं सांगत असेल. आज संध्याकाळी त्याच्याकडे एक चक्कर टाका. प्रश्न विचारू नका. शेजारी बसा, एवढंच. बाकाचा रंग तुमच्याही कपड्यांना लागला तर लागू द्या.