चौकटीत न बसणारे मिस्टर गुओ

अमेरिकेत डेट्रॉइटजवळच्या नोव्हायमधल्या एका कंपनीत पद्मिनी क्वालिटी इंजिनियर होती. कंपनी गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनवायची, मालक चीनमधले. मार्चमध्ये कस्टमरचं ऑडिट होतं आणि कोण कोणाला रिपोर्ट करतं, याचा तक्ता पद्मिनीला करायचा होता. प्रत्येक माणसाला एक चौकट. सगळे बसले, फक्त मिस्टर गुओ कुठेच बसेनात.

गुओ दोन महिन्यांसाठी हेड ऑफिसमधून आले होते. साठीच्या आसपासचे, करडा स्वेटर घालणारे, थर्मासमधलं गरम पाणी पीत बसणारे. प्रत्येक मीटिंगला हजर असत, पण बोलत नसत.

"यांना कुठे दाखवू?" तिने जनरल मॅनेजर लिआंगला विचारलं.

"दाखवू नकोस," लिआंग हसून म्हणाला. "ते पाहुणे आहेत."

पण हा पाहुणा आला की लिआंग स्वतः उठून खुर्ची ओढून द्यायचा. पद्मिनी बारकाईने बघायला लागली. लिआंग एखादा निर्णय जाहीर करायचा, मग कॉफी ब्रेक व्हायचा आणि परत बसल्यावर कधीकधी तोच निर्णय फिरलेला असायचा. एकदा गुओ सर्दीने आजारी पडले, तर त्या दिवशी काहीच ठरलं नाही.

"अगं, तू क्वालिटीत आहेस की सीआयडीत?" नवरा, अतुल, पोळी वाढून घेत म्हणाला. "ऑडिट उरक आणि सोड ना यार."

"सोडवत नाही रे."

शेवटी तिने यानला विचारलं. यान तिच्याच टीममधली, तिशीची, तीन वर्षांपूर्वी चीनमधून आलेली. लंचनंतर दोघी ऑफिसमागच्या तळ्याला रोज एक फेरी मारायच्या. प्रश्न ऐकून यानने आधी मागे वळून पाहिलं. तळ्याकाठी कोणी नव्हतं.

"ते कम्युनिस्ट पार्टीचे सेक्रेटरी आहेत. आमच्याकडे कारखाना असो, युनिव्हर्सिटी असो, प्रमुख दोन असतात. एकाचं नाव दारावर असतं. दारावर कोणाचं नाव लावायचं, ते दुसरा ठरवतो."

"पण त्यांना ब्रेकमधलं काय कळतं?"

"ब्रेक बघायला तू आहेस, मी आहे. ते माणसं बघतात." थोडं चालल्यावर ती म्हणाली, "आमची प्रत्येकाची एक फाइल असते. शाळेपासूनची. आपली फाइल आपल्याला कधी दिसत नाही. माझे बाबा शिक्षक. हेडमास्तर व्हायची त्यांची पाळी दोनदा आली, दोनदा गेली. फाइलमध्ये काहीतरी असणार, असं त्यांच्या मनाने घेतलं. तेव्हापासून वीस वर्षं ते जपून बोलले, जपून हसले. कदाचित फाइलमध्ये काहीच नसेल."

मग आवाज खाली आणत यान म्हणाली, "मला इथेच राहायचंय. अजून कोणाला सांगितलेलं नाही."

पुढच्या आठवड्यात गुओंना नातीसाठी व्हिटॅमिनच्या गोळ्या घ्यायच्या होत्या. लिआंगने पद्मिनीला त्यांना ड्राइव्ह करून न्यायला सांगितलं. गाडीत बसताच गुओ स्वच्छ इंग्रजीत बोलायला लागले. तिची आई कुठे असते, गुडघे दुखतात का, नागपूरला उन्हाळा किती. माणूस इतका मनापासून विचारत होता की पद्मिनी बोलतच गेली. दुकान आलं तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की त्यांच्याबद्दल आपल्याला नातीपलीकडे काही कळलेलं नाही.

परतताना तिने सरळच विचारलं, "तुमचं काम नेमकं काय असतं?"

"ऐकणं," ते म्हणाले. "विचारावं फारसं लागत नाही. लोक सांगतात." मग खिडकीबाहेर बघत, "तुम्ही आणि यान रोज तळ्यावर जाता. चांगली मुलगी आहे. परत यायचं म्हणते का?"

इतके दिवस पद्मिनी फाइलकडे बाहेरून बघत होती. आता तिच्या तोंडून निघालेलं वाक्य यानच्या फाइलमध्ये जाणार होतं.

"आम्ही कामाचंच बोलतो," ती म्हणाली. "बाकी तिलाच विचारा."

"छान," गुओ म्हणाले, आणि ऑफिस येईपर्यंत हवापाण्यावर बोलत राहिले.

तिने दुसऱ्या दिवशी तळ्यावर यानला सगळं सांगितलं. यान चालता चालता थांबली. "नेमके शब्द काय होते तुझे? लगेच बोललीस की थांबून? 'छान' म्हणताना ते हसले का?" पद्मिनीला धड आठवेना. त्यानंतर लंचला यानचं रोज काहीतरी काम निघायला लागलं.

ऑडिट पार पडलं, गुओ परत गेले. मेमध्ये यानला प्रमोशन मिळालं. मायदेशातल्या मोठ्या कारखान्यात एका विभागाची प्रमुख.

"हे बक्षीस आहे की बोलावणं?" पद्मिनीने विचारलं.

"तेच तर कोणी सांगत नाही."

"नाही म्हण ना मग. इथे दुसरी नोकरी बघू."

"आईबाबा तिथे आहेत," यान म्हणाली. जूनमध्ये ती गेली. डेट्रॉइटच्या विमानतळावर पद्मिनीच तिला सोडायला गेली. यान रडली नाही, पण मिठी मात्र लवकर सोडली नाही.

नोव्हेंबरमध्ये एका रविवारी पद्मिनी तिला मेसेज लिहायला बसली. 'तुमच्याकडे सेक्रेटरी कोण आहे?' असं लिहिलं, वाचलं, पुसलं. मग लिहिलं, 'थंडी पडली का?' उत्तर लगेच आलं: हो, खूप, आईने नवा कोट घेतलाय.

"काय म्हणते यान?" अतुलने विचारलं.

"मजेत आहे म्हणते," पद्मिनी म्हणाली आणि फोन उलटा ठेवून दिला.